चोवीस ताटं

चौथ्या दिवशी सकाळी अकरा माणसांनी उपमा खाल्ला नाही.

आधी मला वाटलं, उपमाच बिघडला असेल. मी चमचाभर घेऊन खाऊन बघितला. रवा मोकळा होता, मीठ बरोबर होतं, लिंबूही पुरेसं पिळलं होतं. तेवढ्यात अंबरीश खाली आला. अंबरीश आमचा टूर मॅनेजर, तिशीतला, एरवी जिना चढता-उतरताना गुणगुणणारा. त्या दिवशी तो गुपचूप आला आणि म्हणाला, काही जणांची पोटं बिघडली आहेत, कालचं ऊन बाधलं असणार.

"अकरा जणांची? एकाच वेळी?" मी विचारलं.

तो माझ्याकडे न बघता फ्रीजकडे बघत म्हणाला, "मावशी, दुपारचे डबे जरा कमी भरा."

मी कमी भरले नाहीत. पुलाव आणि काकडीची कोशिंबीर, चोवीस डबे भरले आणि बसमध्ये चढवून दिले. संध्याकाळी बस परत आली तेव्हा अकरा डबे जसेच्या तसे खाली उतरले. झाकणाला लावलेले रबरसुद्धा कुणी काढले नव्हते.

ही गोष्ट माल्टातली. भूमध्य समुद्रातलं एवढंसं बेट, आमच्या घरातल्या नकाशावर ते शोधायला माझ्या धाकटीला भिंग घ्यावं लागलं होतं. नाशिकच्या एका टूर कंपनीने पहिल्यांदाच परदेशातली सहल काढली होती. सात दिवस, एकच हॉटेल, रोज गाईडबरोबर बसने फिरायचं आणि दोन्ही वेळा घरचं मराठी जेवण. त्या जेवणासाठी मी गेले होते. वय चव्वेचाळीस. त्याआधी मी सातपूरला कारखान्यातल्या कामगारांची खानावळ चालवायचे. कंपनीचे मालक ओझरकरसाहेब एकदा तिथे जेवले आणि राजस्थानच्या टूरला मला घेऊन गेले. मग आणखी दोन टूर झाल्या. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, दोन मुली शिकत होत्या. ओझरकरांनी माझा पासपोर्ट काढायला लावला तेव्हा आमच्या गल्लीत लोक मला बघायला आले होते.

हॉटेलचं स्वयंपाकघर तळघरात होतं. त्याचा डावा कोपरा मला दिला होता, दोन मोठे चुले आणि एक लांब ओटा. बाकीचं सगळं कारमेनच्या ताब्यात. कारमेन त्या हॉटेलची मुख्य स्वयंपाकीण, साठीची, रुंद खांद्यांची, बोलायची थोडं आणि भांडी आपटायची फार. तिला माझं इंग्रजी कळायचं नाही आणि मला तिचं. पण कांदा परतला की ती शेजारी येऊन उभी राहायची. तिचा एक नियम होता. बाहेरच्या ज्या माणसाच्या नावाचा कागद दारावर लावला आहे तोच आत येणार, दुसरा कुणी नाही. दारावर माझ्या नावाचा कागद होता, पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव.

डबे परत आले त्या संध्याकाळी मी ओट्याला टेकून बसले आणि आदल्या दिवशी काय झालं ते आठवत राहिले. खरं तर आठवायला लागत नव्हतं.

आदल्या दिवशी आम्ही एमदिना नावाचं तटबंदीतलं जुनं गाव बघायला गेलो होतो. जेवण तिथे गरम वाढायचं होतं म्हणून मीही बसमध्ये होते. परतताना माझ्या शेजारी मोहगावकरकाकू बसल्या. लातूरच्या, नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. बाई बोलायला चांगल्या. तीन दिवस रोज जेवल्यावर खाली निरोप पाठवायच्या की आमटी फार छान झाली. त्यांनी विचारलं, मावशी, तुमचं माहेर कुठलं. मी म्हटलं, उदगीर. त्या खूश झाल्या. त्यांचे व्याही उदगीरचे. म्हणाल्या, मग तर ओळख निघणारच.

"कुणाच्या तुम्ही?"

"बाबूराव सोनकांबळे मास्तरांची," मी म्हटलं. "जिल्हा परिषदेच्या शाळेत होते."

"अच्छा," काकू म्हणाल्या. मग त्यांनी पर्स उघडून रुमाल काढला आणि हॉटेल येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसल्या.

एवढंच झालं होतं.

परत आलेले अकरा डबे कारमेनने पाहिले. तिने एक उघडला, खाल्ला, आणखी खाल्ला. खुणेनेच विचारलं, चांगलं आहे, मग का नाही खाल्लं. जात कशी सांगायची ते मला येईना. माझ्या इंग्रजीत तो शब्दच नव्हता. मी म्हटलं, "दे नो माय फादर."

कारमेनने कपाळाला आठ्या घातल्या. "बॅड मॅन?"

"नो," मी म्हटलं. "टीचर."

मग तिने ते डबे उचलले आणि भांडी घासणाऱ्या, खोल्या झाडणाऱ्या तिच्या माणसांना वाटून टाकले.

रात्रीच्या जेवणाआधी अंबरीश हातात एक छापील कागद घेऊन आला. स्टूल ओढून बसला आणि फार प्रेमाने बोलायला लागला. म्हणाला, बायकांचं असं म्हणणं पडलं की मावशी चार दिवस राबताहेत, त्यांना जरा विश्रांती देऊ. उरलेले दिवस आम्हीच मिळून काहीतरी साधं करू. त्यात एकच अडचण होती. हॉटेलवाले दुसऱ्या कुणाला आत येऊ देत नव्हते. तब्येत बरी नाही आणि माझ्या जागी मोहगावकरकाकूंचं नाव लावा, असं मी स्वतः सही करून दिलं तरच कागद बदलता येणार होता.

"सही इथे करायची," तो म्हणाला.

"मला काय झालंय?"

"काही नाही हो. नुसतं लिहायचं."

"मग मी बरी आहे," मी म्हटलं आणि कुकरचं झाकण लावलं.

त्याने दोनदा समजावलं. मग ओझरकरसाहेबांना फोन लावून दिला. साहेबांचा आवाज नेहमीसारखा गोड होता. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, ते म्हणाले. माणसं मोठी आहेत, त्यांच्या ओळखीतून पुढच्या टूर भरायच्या आहेत. त्यांचं स्वतःचं तसं काही नाही, पण घरी देवाचं असतं, वडीलधाऱ्यांचं असतं. मग म्हणाले, "मावशी, तुम्हाला आडनाव सांगायची काय गरज होती? मी मुद्दाम नुसतं मावशी ठेवलं होतं."

"तुम्ही म्हणाला होता, मावशी म्हटलं की लोकांना घरच्यासारखं वाटतं."

"त्यासाठीही."

मग म्हणाले, सही करून टाका आणि दोन दिवस मस्त बेट बघा, सगळ्यांच्या नशिबात नसतं. आणि पुढच्या टूरचाही विचार करा.

मी फोन अंबरीशला परत दिला. कागदही परत दिला. सही न करता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी स्वतःला उगाच मोठी करून दाखवल्यासारखं होईल. ओझरकरांनी ते नाव का लपवलं हे मला त्या फोनवर कळलं नाही. मला ते आधीच माहीत होतं. टूरच्या माहितीपत्रकात अंबरीशचं पूर्ण नाव होतं, बसवाल्या एजंटचं होतं, आणि शेवटी 'स्वयंपाकघर सांभाळतील आपल्या लाडक्या मावशी'. ते वाचलं त्याच दिवशी मला कळलं होतं. कळून मी गप्प बसले, कारण मला विमानात बसायचं होतं. आमच्या नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, शाळेतल्या दोन मास्तरांनी गॅझेटमध्ये देऊन आडनाव बदलून घेतलं होतं. मुलांना पुढे त्रास नको म्हणून. नानांनी बदललं नाही. हजेरी घेताना ते प्रत्येक पोराकडून पूर्ण नाव म्हणवून घ्यायचे, मुलीकडूनसुद्धा, आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला पाहिजे. त्यांची मुलगी राजस्थानात, केरळात, आणि आता इथे, अर्ध्या नावाने पोळ्या लाटत होती. बसमध्ये काकूंनी विचारलं तेव्हा मला काहीही सांगता आलं असतं. नवऱ्याचं आडनाव साळवे. ते ऐकून लोकांना नक्की कळत नाही. पण त्यांनी विचारलं, कुणाच्या तुम्ही. त्याला उत्तर एकच होतं.

त्या रात्री मी झोपले आणि नीट झोपले. सकाळी पाचला उठून पोहे भिजवले. चोवीस माणसांचे.

जेवणघरात आमच्या ग्रुपला तीन टेबलं दिली होती आणि अंबरीशने हौसेने प्रत्येक जागेवर नावाची चिठ्ठी लावली होती. एरवी लोक ओळीत येऊन वाढून घ्यायचे. त्या दिवशी मी चोवीस ताटल्या वाढल्या आणि एकेक नाव वाचून जागेवर नेऊन ठेवली. वर ओलं खोबरं मिळालं नव्हतं, सुकं घातलं होतं. कोथिंबीर घातली. लिंबाची फोड ठेवली. मग भिंतीशी जाऊन उभी राहिले. तळघरात गेले नाही.

लोक आले. तेरा जण बसले आणि खायला लागले. अकरा जण दारातच थबकले. आपापल्या नावासमोर वाफाळते पोहे. आता पोट बिघडलं म्हणून खोलीत थांबायची सोय नव्हती, बस नऊला निघणार होती. ते शेवटी आपापल्या जागी बसले, हात मांडीवर. कुणीतरी केळी आणली होती ती फिरवली.

मोहगावकरकाकूंनी मला हाक मारली. आवाज खाली ठेवूनच म्हणाल्या, आम्ही अंबरीशला सांगितलं होतं आम्हाला नको म्हणून, मग हे का वाढलंत.

मी भिंतीपासून पुढे आले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलले. नानांच्या वर्गात बोलायचे तसं.

"माझं नाव विशाखा बाबूराव सोनकांबळे. लग्नानंतरचं साळवे. तीन दिवस तुम्ही सगळ्यांनी जे खाल्लं ते मी केलं होतं. ते आता पोटात गेलंय, ते काही बाहेर काढता येणार नाही. माझं काम चोवीस माणसांचं आहे. जायच्या दिवसापर्यंत रोज चोवीस ताटं वाढली जातील, ज्याच्या त्याच्या नावासमोर. खायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण नको असेल तर माझ्यासमोर नको म्हणा. पोट दुखतंय म्हणू नका."

अंबरीश चहाच्या कपात बघत होता. मी थांबले. अकरा ताटल्या एकेक करून मीच उचलल्या, घाई न करता. प्रत्येकाच्या खांद्यावरून हात घालून.

असं दोन दिवस चाललं. सकाळी, आणि रात्री. दुपारच्या डब्यांवरही मी नावं लिहायला लागले. वाढलेलं अन्न वाया गेलं नाही. खाली कारमेनची माणसं वाटच बघायची, वरणभाताला तर रांग लागायची. वर मात्र त्या अकरा जणांचे हाल होते. पाव, केळी, बिस्किटं. हॉटेलच्या जेवणात काय घातलंय याचा त्यांना भरवसा नव्हता. कारमेन त्यांच्यासाठी पास्ता करायला तयार होती, पण तिने चीजचं नाव घेतलं की दोघी जणी विचारायच्या, ते कशापासून करतात.

बाकीच्या तेरा जणांबद्दलही सांगते. ते जेवले. नेहमीपेक्षा जास्त जेवले. जाताना मोठ्याने म्हणायचे, मस्त झालं होतं आज. पण त्या टेबलावर, त्या अकरा जणांना, कुणी अक्षर बोललं नाही. त्यातल्या एक बाई मला लिफ्टमध्ये भेटल्या. दार बंद झाल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, मावशी, आम्ही हे असलं काही मानत नाही हं.

"मग हे वर टेबलावर सांगा," मी म्हटलं. "मला इथे कशाला सांगता?"

त्यांनी हात सोडला. पुढच्या मजल्यावर उतरून गेल्या. त्यांची खोली त्या मजल्यावर नव्हती.

सहाव्या दिवशी सगळे बोटीने गोझो नावाच्या शेजारच्या बेटावर गेले होते. दिवसभर चढ-उतार झालेली, वारा लागलेला. शेवटचं जेवण होतं म्हणून मी ज्वारीचं पीठ काढलं. नाशिकहून आणलेलं, जपून ठेवलेलं. पिठलं, भाकरी, लसणाची चटणी, कांदा. परात मी सामानात आणली होती. हॉटेलच्या लोखंडी तव्यावर भाकरी फुगायला वेळ लागत होता, पण फुगत होती. कारमेन एक भाकरी हातात घेऊन उलटीपालटी करून बघत होती, आतली वाफ कुठून आली म्हणून.

चोवीस ताटं मांडली. सगळे येऊन बसले. मोहगावकरसाहेब शेवटी आले. माणूस सत्तरीकडे झुकलेला, सहा दिवसांत मी त्यांना फारसं बोलताना ऐकलं नव्हतं. बायको बोलायची, ते ऐकायचे. ते आपल्या नावासमोर बसले, ताटाकडे बघत राहिले. मग ते उठून हात धुऊन आले, बसले, आणि त्यांनी कांदा बुक्कीने फोडला.

"अहो," काकू म्हणाल्या.

त्यांनी भाकरी मोडली.

"अहो, काय करताय?"

"जेवतोय," ते म्हणाले.

काकू पुढे काही बोलल्या, हळू आवाजात, मला ऐकू आलं नाही. साहेब खाली मान घालून जेवत होते. शेजारच्या दोघांनी आपली ताटं थोडी बाजूला सरकवली. मी भिंतीशी उभी होते. मला आनंद झाला नव्हता. दोन दिवस ज्या माणसाच्या समोरून मी भरलेलं ताट उचललं होतं, तो भूक सहन झाली नाही म्हणून जेवत होता. त्यात माझ्यावर उपकार काय?

भाकरी संपली. त्यांनी वर बघितलं. मला बघून हात उंचावला.

"मावशी, अजून एक भाकरी मिळेल का?"

मी हलले नाही.

"माझं नाव मी सांगितलंय, साहेब," मी म्हटलं.

जेवणघरात चमच्यांचा आवाज बंद झाला. पलीकडे एक जर्मन कुटुंब जेवत होतं, तेही थांबलं. अंबरीश अर्धा उठला होता. मोहगावकरसाहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. गेला असता तर मी त्याचं ताट उचलणार होते, अर्धवट खाल्लेलं असलं तरी. त्यांनी एकदा बायकोकडे बघितलं. त्या टेबलाकडे बघत होत्या.

"सोनकांबळेबाई," ते म्हणाले. घसा साफ करून पुन्हा म्हणाले, या वेळी जरा मोठ्याने. "सोनकांबळेबाई, मला एक भाकरी द्या."

मी खाली गेले, ताजी भाकरी थापली, भाजली, आणून वाढली. त्यांनी ती खाल्ली. त्यांच्यानंतर आणखी चार जण जेवले, मान वर न करता. सहा ताटं मी नेहमीसारखी उचलली. त्यातलं एक काकूंचं होतं. मी ते उचलताना त्या म्हणाल्या, "आमचं तुमच्याशी वैर नाही हो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "वैर असतं तर नाव विचारलं नसतंत. तोंडावर बोलला असतात."

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. सकाळी सगळे खरेदीला गेले. कारमेनने मला तिच्या गाडीतून बंदरावर नेलं. निळ्या-पिवळ्या होड्या, जाळी दुरुस्त करणारी माणसं. सात दिवसांत मी समुद्र पहिल्यांदाच जवळून बघत होते. आम्ही एका कठड्यावर बसून तळलेलं काहीतरी खाल्लं, आत मटार होते. तिने माझं नाव म्हणून बघितलं. 'विशाखा' जमलं. 'सोनकांबळे'ला तिला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, पण तिने ते सोडलं नाही.

नाशिकला पोहोचल्यावर ओझरकरसाहेबांनी चौथ्या दिवशी बोलावलं. ओरडले वगैरे नाहीत. म्हणाले, झालं ते झालं, दिवाळीला श्रीलंकेची टूर आहे, तुमच्यासारखा हात मला दुसरीकडे मिळणार नाही. फक्त पुन्हा असं व्हायला नको. मी म्हटलं, येईन, पण माहितीपत्रकात माझं पूर्ण नाव छापा, अंबरीशच्या खाली, तेवढ्याच अक्षरात. ते हसले. मग ते हसायचे थांबले. म्हणाले, धंदा असा चालत नाही, विशाखाताई. तेवढ्यात मी मावशीची ताई झाले होते. पण त्याच्या पुढे त्यांची गाडी गेली नाही.

मी उठले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की काम गेलं. तो म्हणाला, बरं. त्याने चहा टाकला. मुली माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. थोरलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं आणि ते वर्ष आम्ही कसं काढलं ते आम्हालाच माहीत. मी खोटं सांगणार नाही, त्या वर्षात मला दोन-तीनदा वाटलं की एका भाकरीपायी मी फार केलं.

आता सोळा वर्षं झाली. मी लग्नाची, मुंजीची, बारशाची जेवणं करते. माझ्या हाताखाली नऊ बायका आहेत. कुणाचाही फोन आला की मी आधी माझं पूर्ण नाव सांगते, आडनावासकट, सावकाश, आणि मग विचारते की किती माणसांचं जेवण आहे. पलीकडून कधी कधी शांतता होते. कधी म्हणतात, घरात विचारून सांगतो. त्यातले किती जण पुन्हा फोन करत नाहीत ते मी कधी मोजून ठेवलं नाही. ओट्यावर काम पडलेलं असतं.